टिपाक्काची तार आणि महाराजांचा रंग

एका जंगलात, बाळांनो, एक कॉम्प्युटर होता. हसू नका. जंगलात सिंह राज्य करतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. कोल्हा बोलतो तेही तुम्हाला चालतं. मग कॉम्प्युटरनेच तुमचं काय घोडं मारलंय?

तर होता. एका सपाट दगडावर बसवला होता. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि शेजारी एक लिंबू टांगलं होतं. वीज कुठून आली असं विचारू नका. आली. आणि गेली नाही, म्हणून तर ही गोष्ट आहे, बातमी नाही.

हा कॉम्प्युटर आणला यंत्र खात्याने. त्याचा मोठा पडदा आणला दृश्य खात्याने. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नसत. त्यामुळे दोघांना जोडणारी तार कोणीच आणली नाही. यंत्र खातं म्हणे, ती दृश्य खात्याची. दृश्य खातं म्हणे, आमच्याकडे पडदा आला, पुढचं आम्हाला माहीत नाही. झालं. एका दगडावर कॉम्प्युटर, समोरच्या दगडावर पडदा, आणि मधे आठ महिने नुसतं गवत वाढत होतं.

माझ्या घरी एका खोक्यात सतरा तारा आहेत. त्यातली एकही कशातच बसत नाही. टाकवतही नाहीत. पण ते जाऊ द्या.

त्या जंगलात एक शिंपीण राहायची. शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नसेल तर उद्या जाऊन बाईंना विचारा. तिचं नाव टिपाक्का. मूठभर जीव, पण चोच अशी बारीक की मुंगीच्या पायाला टाका घालेल. कॉम्प्युटरच्या कीबोर्डची तार तिनेच शिवली होती. प्रिंटरचीही तिनेच. एक डोळा मिटून ती भोकात बघायची, सागाच्या पानावर काट्याने नकाशा काढायची, आणि कुठली तार कुठे जाते ते पक्कं करून मगच टाका घालायची. "जिथली तार तिथंच," असं ती म्हणायची. दोन्ही यंत्रं पहिल्याच दणक्यात चालू झाली. याचं कारण सोपं आहे. काम चाललंय हे तेव्हा कोणाला कळलंच नव्हतं.

पडद्याचं मात्र सगळ्यांना कळलं. कारण पडद्यावर महाराज दिसणार होते.

सिंहमहाराजांचा एक छान फोटो कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवला होता. आयाळ विंचरलेली, मान थोडी तिरकी, नजर लांब कुठेतरी प्रजेच्या कल्याणाकडे. येत्या गुरुवारी दरबारात हा फोटो पडद्यावर झळकला पाहिजे, असं महाराजांच्या मनात आलं. महाराजांच्या मनात आलं की ते फार वेळ मनात राहत नसे.

दृश्य खात्याचे प्रमुख होते अस्वलराव. ते म्हणाले, "महाराज, तारेबिरेचं काही खरं नाही. आपण सरळ लाकडी फळा करू आणि त्यावर आपलं चित्र रंगवू. पाणवठ्यावरचा म्हातारा साग पाडला की हव्या तेवढ्या रुंद फळ्या निघतील."

लगेच सुतारमामा आले. सुतार म्हणजे सुतार पक्षीच. त्यांनी सागाच्या बुंध्यावर तीनदा टकटक केलं, मान हलवली आणि चुन्याची एक रेघ मारून ठेवली.

आता त्याच सागाच्या एका फांदीवर, दोन पानं शिवून केलेल्या घरट्यात, टिपाक्काची तीन अंडी होती. ती फुटायला अजून आठ दिवस होते. आणि दरबार होता पाच दिवसांवर. हिशेब तुम्हीच करा.

टिपाक्का तडक दरबारात उडत गेली.

"महाराज, साग पाडू नका," ती म्हणाली. "तार मी शिवते. गुरुवारी चित्र दिसेल."

महाराजांनी जांभई दिली. "दिसलं तर साग राहील. नाही दिसलं तर सुतार आहेच."

सुतारमामा ओशाळून म्हणाले, "आक्का, मनावर घेऊ नको हं. हुकूम असला की चोच चालवावी लागते."

टिपाक्का कामाला लागली. काम तसं अवघड नव्हतं. नीट ऐका, एकदाच सांगणार आहे. पडद्यावरचं चित्र म्हणजे तीन रंगांचा खेळ. लाल, हिरवा, निळा. तीन रंगांच्या तीन तारा. चौथी तार पडद्याला सांगते, "ही ओळ संपली, आता खालच्या ओळीवर ये." आणि पाचवी तार वीज परत आणते. वीज गेली की तिला परत यायला वाट लागते. वाट नसेल तर ती मुळात जातच नाही. तुमच्यासारखी नाही ती, खेळायला गेली की गेली.

या पाच तारांच्या पाच पिना टिपाक्काने एका जोडात बसवल्या. वर दोन, खाली तीन. जोडाचा आकारही तिने मुद्दाम तसाच काढला. वरची बाजू अरुंद, खालची रुंद. म्हणजे कोणीही लावला तरी तो उलटा बसणारच नाही. नकाशा इतका सुंदर झाला की तिने तो दोनदा अंड्यांना दाखवला.

मग नकाशा मानपान खात्याकडे गेला.

तुमच्याकडे लग्नात कोणाला आधी टोपी, कोणाला मागून नारळ, आणि कोणता मामा रुसून मांडवाबाहेर उभा, हे बघायला एक काका असतात ना? त्या जंगलात त्याचं अख्खं खातं होतं. प्रमुख होते कोल्होबा. त्यांनी पान हातात घेतलं आणि त्यांच्या मिशा ताठ झाल्या.

"टिपाक्का, हे काय? वर दोन, खाली तीन?"

"हो. जागा तेवढीच आहे."

"वर कोण आणि खाली कोण?"

"वर लाल आणि हिरवा. खाली निळा, ओळीची तार आणि परतीची तार."

कोल्होबांनी पान खाली ठेवलं. "निळा खाली? मोरांना कळलं तर आजच पिसारे मिटून बसतील. लाल वर? म्हणजे लाल तोंडाची माकडं पोपटांच्या पंगतीला? आणि ही बाजू अरुंद, ती रुंद. एकाला ऐसपैस आणि दुसऱ्याला अडचण! अगं, तुला हे जंगल चालवायचंय की पेटवायचंय?"

"पण या तारा आहेत," टिपाक्का म्हणाली. "यांत मोर नाहीत."

"आता आहेत," कोल्होबा म्हणाले, आणि त्यांनी सभा बोलावली.

सभा तीन दिवस चालली. लाल तार माकडांनी मागून घेतली, हिरवी पोपटांनी, निळी मोरांनी. ओळीची तार रानकोंबड्याने घेतली, कारण जंगलात वेळेवर ओरडायचा मक्ता त्याचाच. मग सगळे एका सुरात म्हणाले, आम्हाला वरची जागा. पोपट म्हणाले, आम्ही झाडाच्या शेंड्यावर बसतो, आम्ही खाली कसे? माकडं म्हणाली, शेंडा आम्ही हलवतो. मोर काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पाठ फिरवली, आणि मोराने पाठ फिरवली की सभेला जागा उरत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोल्होबांना युक्ती सुचली.

"जोड गोल करा!" ते ओरडले. "गोलाला ना वर, ना खाली. तिन्ही रंग कडेने सारख्या अंतरावर."

"आणि मी?" रानकोंबड्याने विचारलं.

"तुम्ही मधोमध. सगळे तुमच्याभोवती."

कोंबडा इतका फुगला की त्याने भर दुपारी बांग दिली.

टिपाक्का हबकली. "अहो, गोल केला तर तो कसाही फिरवून बसेल! रंग एकमेकांच्या जागी जातील. एक खाच तरी ठेवू द्या. बारीकशी."

"खाच कोणाच्या शेजारी?" तिन्ही जाती एकदम म्हणाल्या.

खाच गेली.

राहिली परतीची तार. ती घ्यायला कोणीच तयार होईना. "ती वर काही नेत नाही, नुसतं परत आणते," असं कळल्यावर सगळे नाकं मुरडू लागले. अस्वलराव म्हणाले, "आमच्या खात्यातून गेलेलं काही परत आल्याचं मी तरी ऐकलं नाही. काढून टाका ती तार."

ती काढली असती तर पडदा काळाच राहिला असता. टिपाक्काच्या डोळ्यांसमोर चुन्याची रेघ आली. आयुष्यात पहिल्यांदा ती थोडं वाकडं बोलली.

"ती तार नव्हेच," ती म्हणाली. "ते जोडाच्या बाहेरून घालायचं कडं आहे. दागिना."

मग माकडं म्हणाली, कडं आमचं. पोपट म्हणाले, आमचं. दोन पिसं उपटली गेली. शेवटी कोल्होबांनी ते कडं महाराजांच्या नावाने केलं, आणि जंगलातल्या पाचही खात्यांनी नकाशावर पंजे उमटवले. टिपाक्का रात्रंदिवस शिवत बसली. मधेच उडून अंडी उबवून यायची, परत टाका घालायची.

गुरुवार उजाडला. सगळं जंगल जमलं. सुतारमामा सागापाशी उभे होते, चोच पुसून. नियमाप्रमाणे जोड लावायचा मान अस्वलरावांचा. टिपाक्काने पुढे होऊन सांगायचा प्रयत्न केला, "लाल पिन वरच्या बाजूला धरा," पण शिष्टाचारात तिची रांग चौदावी होती. तेराव्या रांगेत खारी होत्या आणि त्या गप्प बसत नव्हत्या.

अस्वलरावांनी जोड खुपसला. पडदा लागला! आणि पडद्यावर महाराज आले. जांभळे. अगदी पिकल्या जांभळासारखे, आयाळीसकट.

मोर आनंदाने नाचू लागले. "निळा वर! निळा वर!"

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

"फिरवा, फिरवा!" माकडं किंचाळली. अस्वलरावांनी जोड फिरवला. पडदा लखलखला आणि महाराज पिवळे झाले. छान, सोनेरी पिवळे. जसे होते तसे. नजर प्रजेच्या कल्याणाकडे, सगळं जागच्या जागी. टिपाक्काचा जीव भांड्यात पडला. सुतारमामांनी चोच मिटली. महाराज गालातल्या गालात हसलेसुद्धा.

हे किती वेळ टिकलं सांगू? एक खार शेंगदाणा सोलेल तेवढा वेळ.

कारण कोणीतरी ओरडलं, "बघा बघा, माकडांची पिन वर आहे!" पोपट उठून चालू लागले. मोर त्यांच्या मागून निघाले, हळूहळू, सगळ्यांना दिसेल असे. माकडांनी झाडावरून त्यांना वाकुल्या दाखवल्या. दरबार मोडायची वेळ आली. "थांबा, थांबा!" म्हणत अस्वलरावांनी घाईघाईने जोड पुन्हा फिरवला. आता अस्वलाच्या हाताची ताकद तुम्हाला माहीत आहे. कर्र्र असा आवाज झाला. जोड फिरला, आणि तिथेच रुतून बसला. ओढून निघेना, ढकलून हलेना.

पडद्यावर महाराज हिरवे झाले होते.

पोपटांनी आकाश डोक्यावर घेतलं. एक रानडुक्कर हसता हसता चिखलात आडवं झालं. खारी तर एकमेकींच्या शेपट्या धरून गोल फिरत होत्या. हसू आवरत नाही म्हणून हरणांनी तोंडात गवत भरलं. अशी मजा त्या जंगलात पूर्वी कधी झाली नव्हती.

फक्त एकच जण हसत नव्हता. महाराज उठले. त्यांनी अशी डरकाळी फोडली की लिंबू खाली पडलं.

"पडदा खोटा! तार खोटी! सुतार, साग पाड!"

सुतारमामांनी डोळे मिटले आणि चोच मागे नेली.

टिपाक्का खारींच्या डोक्यांवरून उडाली आणि सरळ महाराजांच्या नाकासमोर येऊन फडफडत राहिली.

"महाराज, चित्र बरोबर आहे!"

"बरोबर?" महाराज म्हणाले. "मी हिरवा आहे?"

"अजून नाही, महाराज."

कोल्होबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश पडायला त्यांना कधी तार लागली नाही.

"आक्का बरोबर बोलते आहे," ते म्हणाले. "या तारेला पाच खात्यांची मंजुरी आहे. मंजूर झालेली वस्तू चुकूच शकत नाही. चूक असेल तर ती मंजुरी न घेतलेल्या वस्तूत असणार."

मग मंजुरी कशाची घेतलेली नाही हे सगळे शोधू लागले. तारेची होती. पडद्याची होती. लिंबाचीसुद्धा होती. शोधता शोधता एकेक नजर महाराजांवर येऊन थांबली. महाराजांना कधी कोणी मंजुरी दिली होती? कोणीच नाही. ते आपले जन्मतःच तसे होते.

महाराजांनी आपल्या पंजाकडे बघितलं. "तार कापून नवी करता येणार नाही का?"

"येईल की," कोल्होबा म्हणाले. "नवा नकाशा, नवी सभा. या वेळी हरणांनाही पिन हवी आहे."

महाराजांना ते तीन दिवस आठवले. सभा संपेपर्यंत राजाने उठायचं नाही आणि प्रजेतलं कोणी खायचंही नाही, असा नियम होता.

"आणि महाराज," टिपाक्का हळूच म्हणाली, "हिरवं झालं तर गवतात तुम्ही कोणाला दिसणार नाही."

हे मात्र मुद्द्याचं होतं. महाराज आता पिवळेजर्द आणि जाडजूड झाले होते. मैलभरावरून दिसायचे. दोन वर्षं ते तरसांनी आणलेल्या शिळ्यापाक्यावर दिवस काढत होते. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा जाड्या सांबरांकडे बघितलं.

"पाला वाटा," ते म्हणाले.

मग काय विचारता! शेवग्याच्या पाल्याचे ढीग आले. माकडांनी पाटा-वरवंट्यावर वाटण केलं आणि ते फासलंही, कारण महाराजांच्या अंगाला हात लावायचा मान त्यांना मिळाला. मोरांनी गळलेल्या पिसांचे कुंचले दिले आणि कुंचल्याशिवाय रंग नाही हे दर पाच मिनिटांनी सगळ्यांना सांगितलं. पोपट शेजारी बसून रंग जुळतोय का ते बघत होते. "कानामागे राहिलंय. अजून थोडं. हां." काखेत कुंचला गेल्यावर महाराजांना गुदगुल्या झाल्या आणि ते लहान छाव्यासारखे खिदळले. राजाला हसताना बघून सगळं जंगल हसलं. मीही हसलो असतो.

रानकोंबड्याने बांग दिली. हिरवे महाराज पडद्याशेजारी उभे राहिले. इकडे बघा, तिकडे बघा, तसूभर फरक नाही.

"चित्र दिसलं!" कोल्होबांनी जाहीर केलं. सुतारमामांनी मोठा श्वास सोडला आणि चुन्याची रेघ शेपटीने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी महाराज गवतात पहुडले. एक सांबर चरत चरत आलं आणि त्याने हिरवी आयाळ बघून तिचा एक घास घेतला. तो त्याचा शेवटचा घास. त्या संध्याकाळी महाराजांनी ढेकर देऊन दर पंधरा दिवसांनी रंग चढवायचा हुकूम काढला.

हिशेबाप्रमाणे आठव्या दिवशी, म्हणजे दरबारानंतर तिसऱ्या दिवशी, टिपाक्काची अंडी फुटली. तिन्ही पिल्लं धडधाकट निघाली. सागाच्या पानातून त्यांनी चोची बाहेर काढल्या, खाली हिरवा राजा बघितला, पडद्यावर हिरवा राजा बघितला, आणि किडे मागितले.

पिल्लांना पंख फुटले त्या सुमारास शेजारच्या जंगलाचा सिंह पाहुणा म्हणून आला. तरणाबांड, उन्हात चमकणारा, सोनेरी. अंगावर एक डाग नाही. अगदी तुमच्या पुस्तकातल्या चित्रासारखा. तो पाणवठ्यावर आला आणि सगळं जंगल बघतच राहिलं.

टिपाक्काच्या धाकट्या पिल्लाने आईच्या पंखाखालून मान काढली.

"आई, याला कावीळ झालीय?"

बाळांनो, इथे मला जरा वाईट वाटतं. खरं काय ते त्या जंगलात सगळ्यात चांगलं तिलाच ठाऊक होतं. जिथली तार तिथंच, म्हणणारी बाई ती. तिने पिल्लाकडे बघितलं. वर सागाच्या पानांकडे बघितलं. खाली सुतारमामा कोवळ्या उन्हात बसून चोच घासत होते.

"हो रे बाळा," टिपाक्का म्हणाली. "बिचारा. फार जवळ जाऊ नकोस."

पाहुण्या सिंहाने ते ऐकलं. त्याने पाण्यात आपलं तोंड बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोल्होबांना एका बाजूला घेऊन विचारत होता, "हा पाला तुमच्याकडेच मिळतो का हो?"

तात्पर्य: चित्र चुकलं तर तारेला हात लावू नये. तारेला पाच खात्यांची मंजुरी लागते. राजाला वाटीभर पाला पुरतो.